‘किरकोळ’ फेरबदल आणि वाडीतल्या विहिरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या नगर परिषदेने आमच्या वाडीतला एक भूखंड रहिवास विभागातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये मांडला असून, तेथे लॉज आणि लग्नकार्यासाठी सभागृह बांधण्याचा जागामालकांचा मानस आहे. मी माझी लेखी हरकत नगर परिषदेत दाखल केली आहे. तिच्यामागची कारणे वाचकांपुढेही यावीत, म्हणून हे पत्र.

प्रस्तावात या बदलाला ‘किरकोळ’ म्हटले आहे. कलम ३७ मुळात विकास योजनेचे स्वरूप पालटणार नाही अशाच फेरबदलांसाठी आहे, हे खरे. पण भूखंड लहान म्हणून बदलही लहान, हा हिशेब आमच्या वाडीला लागू पडत नाही. येथे भुयारी गटार नाही. प्रत्येक घराचे सांडपाणी परसातल्या शोषखड्ड्यात जाते आणि पिण्याची विहीर तेथून फार लांब नसते. खाली सगळा जांभा. तो पावसाचे पाणी भराभर पितो आणि तितक्याच भराभर सोडून देतो, त्यामुळे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिलअखेर विहिरींचा तळ दिसू लागतो. चार-पाच माणसांच्या घराचे सांडपाणी ही जमीन कशीबशी जिरवते. लॉजच्या खोल्यांचे आणि एकेका लग्नाच्या पंगतींचे पाणी त्याच सच्छिद्र दगडात सोडल्यास ते शेजारच्या विहिरीत उतरेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. उलट दिशेने, एवढ्या वापरासाठी खोल बोअरवेल मारून उन्हाळाभर उपसा झाला, तर खाडीकडच्या विहिरी आधी आटतील आणि मग मचूळ होतील. प्रस्तावात पाण्याविषयी एवढेच लिहिले आहे की ‘पाणी उपलब्ध आहे’. स्थळपाहणी जुलैत झाली होती. जुलैत आमच्याकडे गडग्यांतूनसुद्धा पाणी वाहते.

दुसरी बाब आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; वाणिज्य क्षेत्रात ती अनुक्रमे ६५ आणि ५५ होते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. म्हणजे आज आम्ही ज्या आवाजाबद्दल तक्रार करू शकतो, त्याच आवाजाला उद्या त्या कुंपणाच्या आत कायद्याचे संरक्षण मिळेल, आणि कुंपणाला लागून असलेल्या घरांतली माणसे मात्र रहिवासी क्षेत्रातच राहतील. रस्त्याबद्दल अधिक काय लिहावे? दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते.

पर्यटनाला आमचा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याचा लाभ वाडीलाही झाला आहे. दोन घरे निवास व न्याहारी योजनेखाली पाहुणे ठेवतात आणि त्यांच्याविरुद्ध आजवर कोणाची तक्रार नाही. ते पाहुणे घरमालकाच्याच विहिरीचे पाणी पितात, त्यामुळे त्या विहिरीची काळजी कोणाला सांगावी लागत नाही. शिवाय, याच शहरात मुख्य रस्त्यालगत वाणिज्य विभागातील मोकळे भूखंड असताना सभागृह वाडीतच का हवे, याचे उत्तर प्रस्तावात नाही.

शेवटी कार्यपद्धतीविषयी. कलम ३७ नुसार हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते आणि फेरबदलाने बाधित होणाऱ्या व्यक्तींना स्वतंत्र नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. भूखंडाला लागून असलेल्या एकाही घरी अशी नोटीस आलेली नाही. आम्हाला हा प्रस्ताव कळला तो कार्यालयाच्या फलकावर, तोही घरपट्टी भरायला गेलेल्या शेजाऱ्यामुळे. तेव्हा नगर परिषदेने लगतच्या घरांना रीतसर नोटिसा द्याव्यात, सांडपाण्याची आणि पाण्याच्या उपशाची लेखी योजना मालकांकडून घेऊन ती सुनावणीपूर्वी आम्हाला पाहू द्यावी, आणि तोवर हा प्रस्ताव शासनाकडे मंजुरीसाठी पाठवू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला,
वाडीतील एक रहिवासी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)