विन्या, तुझ्या कोपराबद्दल

प्रिय विन्या,

दीड वर्ष झालं, फोन नाही मेसेज नाही, चूक माझीच. आई बरी आहे, शुगर वर-खाली चालूच. माझ्या डाव्या कोपराचं ऑपरेशन होऊन ९ दिवस झालेत, उजव्या अंगठ्याने टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

पावसात स्टेशनच्या जिन्यावर घसरलो, हात टेकला आणि सगळा भार त्यावर येऊन कोपर दुमडत गेलं, मागे तट्कन आवाज. पहिले डॉक्टर म्हणाले मुका मार आहे, सूज उतरली की झालं. मलाही पटलं, कारण हात खाली सोडला की सरळ होत होता ना! आठव्या दिवशी लोकलमध्ये रॅकवर बॅग ठेवायला गेलो तर हात वर गेला पण कोपर उघडेचना, शेजारच्या काकांनी बॅग झेलली म्हणून बरं. तिथेच उभ्या उभ्या तू आठवलास. "हात वर जातो रे, पण ढकलता येत नाही", हंडीचे थर लावताना हेच म्हणायचास ना तू?

दुसऱ्या डॉक्टरांनी पालथं झोपवलं, हात कोपरापासून टेबलाच्या कडेवरून लोंबता ठेवला आणि दंडाची मागची बाजू मुठीत धरून दाबली. उजव्याला दाबलं की हात आपोआप सरळ व्हायला बघायचा. डावा नुसता लोंबत राहिला. मग बाजूने काढलेल्या एक्स-रेत कोपराच्या टोकाच्या वर तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा दिसला, ट्रायसेप्सचा, म्हणजे दंडामागच्या स्नायूचा, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) सुटताना हाडाचा टवका घेऊन गेला होता. एमआरआयमध्ये पक्कं झालं, पूर्ण तुटलाय. असं असेल तर २-३ आठवड्यांच्या आत शिवलेलं बरं, उशीर झाला की स्नायू आखडून वर सरकतो. हाडाला बारीक भोकं पाडून जाड दोऱ्याने बांधलाय. आता बरेच आठवडे या हाताने ढकलायचं नाही, जड वजन तर ४ ते ६ महिने बंद.

मी विचारलं, एखाद्याचा थोडाच तुटला असेल तर? म्हणाले, तोच सुटतो नजरेतून. सुजेमुळे तुटल्या जागेचा खड्डा हाताला लागत नाही, उरलेले तंतू हात सरळ करून देतात, आणि सगळे म्हणतात काही झालेलं नाही. अर्ध्यापेक्षा कमी तुटला असेल तर कोपर थोडं वाकवून महिनाभर बांधून ठेवलं की बहुतेक वेळा जुळतो.

महिनाभर, विन्या. तुला आम्ही तीन दिवस दिले. २०११ला बाळ्या तुझ्या अंगावर पडला आणि चौथ्या दिवशी सगळ्या पोरांसमोर मीच ओरडलो, हा घाबरलाय, नाटकं करतोय. तू काही न बोलता टी-शर्ट काढून दादूसच्या हातात दिलास आणि गेलास, परत सरावाला आला नाहीस. तेव्हा तुझ्या कोपरात नक्की काय झालं होतं ते मला नाही सांगता येणार, पण तू खोटं बोलत नव्हतास. माफ कर यार. (कॅरमची फायनल मात्र तू चिटिंग करूनच जिंकलास, ते भांडण चालू राहील.)

नाशिकच्या घराचं काम झालं का? छोटीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार सांग.

आणि आज रात्रीच एक कर. हात डोक्यावर ने, कोपर वाकव, वहिनींना मनगट अडवून धरायला सांग आणि सरळ करून बघ, मग दुसऱ्या हाताने तसंच. जोर कमी वाटला तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, आणि मार जुना आहे हे पहिल्यांदा सांग. शनिवारी फोन करतोय, उचल.

तुझा,
पक्या