ओकायामाला एक पत्र जाऊ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी रोज सकाळी फिरायला जातो. आयुष्यभर दारोदार टपाल वाटल्यामुळे निवृत्तीनंतरही पाय घरात ठरत नाहीत. या बागेचं दुसरं नाव ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’. येणारे-जाणारे मात्र ‘जपानी बाग’ म्हणून मोकळे होतात. ओकायामा हे खरं तर जपानमधलं एक शहर, पण ते बाग बांधणाऱ्या कंपनीचं नाव आहे, असं एका गृहस्थांनी मला छातीठोकपणे सांगितलं. त्यांना काय हसायचं? गेल्या वर्षापर्यंत मीही त्यांच्याच रांगेत होतो.

गेल्या थंडीत एक वयस्कर जपानी जोडपं आलं होतं. बरोबर दुभाषी म्हणून पुण्यातलीच एक मुलगी. आजोबा पुलावर थांबले आणि दोन्ही हातांची चौकट करून पर्वतीकडे बघत राहिले. फोटोचा अंदाज घेत असतील, असं मला वाटलं. मुलगी म्हणाली, “काका, ते म्हणताहेत की ती टेकडीही बागेतच आहे.” जपानी माळी म्हणे बागेबाहेरचा डोंगर किंवा किल्ला हिशेबात धरूनच बाग आखतात. त्याला ‘शाक्केइ’ म्हणतात, म्हणजे उसना आणलेला देखावा. आपल्या बागेचा नमुना असलेल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेनं नदीपलीकडचा काळाभोर किल्ला असाच उसना घेतलाय. शेकडो वेळा पर्वती चढलेला मी, त्या दिवशी पुलावर उभा राहून ती पहिल्यांदा नीट पाहिली.

घरी येऊन शेजारच्या मुलीला गाठलं. ती जपानीच्या परीक्षा देते. तिनं सांगितलं, कोराकुएनचं काम १६८७ मध्ये सुरू झालं आणि १७०० मध्ये पुरं झालं. म्हणजे तिकडचा सरदार तळी खोदत होता, तेव्हा इकडे औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून बसला होता! पुढे १९३४ च्या पुरात ती बाग उद्ध्वस्त झाली, १९४५ मध्ये बॉम्ब पडले. दोन्ही वेळा लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून ती पुन्हा होती तशी उभी केली.

पुराचं ऐकून मी जरा गप्प झालो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. धाकटीला कडेवर आणि मला हाताला धरून आई नारायण पेठेतून थेट पर्वतीपर्यंत धावली होती. परतलो तर घरात गुडघाभर चिखल, आणि चिखलात वडिलांची सायकल आडवी. आमच्या वाड्याचं चित्र कुणी काढून ठेवलं नव्हतं.

त्याच मुलीनं ओकायामाच्या लाडक्या मोमोतारोची गोष्टही सांगितली. पीच या फळातून जन्मलेला हा मुलगा राक्षसांशी लढायला निघतो. वाटेत कुत्रा, माकड आणि एक रानपक्षी भेटतात. तो त्यांना आपल्या शिदोरीतले ‘किबीदांगो’ देतो (भरड धान्याचे लाडूच ते, दुसरं काय!) आणि ते त्याचे सोबती होतात. माझी नात मध्येच म्हणाली, “आपली म्हातारी भोपळ्यात बसते, त्यांचा मुलगा फळातून निघतो!” वाघ-कोल्ह्यांना चकवत टुणुक टुणुक लेकीकडून परत येणारी आपली म्हातारी ओकायामाच्या पोरांना नक्की आवडेल.

म्हणून संबंधितांना दोन गोष्टी सुचवतो. बागेच्या फाटकाशी मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावावा. ओकायामा कुठे आहे, कोराकुएन काय आहे, पर्वतीकडे कुठून बघायचं, एवढं त्यावर पुरे. माशांना कुरमुरे टाकणाऱ्यांवर शिट्ट्या फुंकून थकलेल्या रखवालदारालाही जरा मदत होईल. बागेतलं पाणी कुठून येतं आणि मासे काय खातात, तेही त्यावर लिहा.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. पुण्यातल्या दोन-चार शाळांतल्या चौथीच्या मुलांनी दरवर्षी ओकायामाच्या मुलांना हातानं पत्रं लिहावीत आणि त्यांची उत्तरं यावीत. पुढाऱ्यांचे दौरे, करार, हारतुरे होतच असतात. पण मी टपाल वाटायचो तेव्हा परदेशी तिकीट लावलेलं पाकीट आलं की अख्खा वाडा जमायचा, आणि पत्र वाचून होण्याआधीच पोरं तिकिटासाठी भांडायची. मोबाइलवरच्या निरोपासाठी कोण भांडतं?

पत्र मराठीत लिहावं, मागे चित्र काढावं. भाषांतराला जपानी शिकणारी मुलं पुण्यात हव्या तेवढ्या मिळतील. पत्रं लिहिणाऱ्या पहिल्या तुकडीच्या पाकिटांचा आणि तिकिटांचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून करीन. पाकिटं पेटीत टाकण्याआधी मात्र एकदा माझ्या नजरेखालून जाऊ द्या. पिनकोड अर्धवट लिहायची पोरांना भारी खोड असते.

— एक निवृत्त पोस्टमन, दत्तवाडी, पुणे