पक्या, तेवढं तासगावला जाऊन ये

रेजायना (सस्कॅचवान, कॅनडा), नोव्हेंबर २०२५

पक्या लेका,

व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं होतं पण ते काय तिथे मावेना, आणि व्हॉइस नोट तू ऐकत नाहीस, लेथ चालू असताना अर्धी ऐकून अंगठा पाठवतोस, म्हणून हा ईमेल. निवांत वाच. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, बर्फ पडायला लागलाय. पुढे.

बापूदा वडाजवळची द्राक्षबाग विकायला निघालाय. तुझ्या कानावर आलं असेल नसेल. तीच दोन एकर, जिथल्या बेदाण्याच्या शेडवर आपण झोपायचो आणि डिपिंग ऑइलच्या कॅनला लाथ घालून तू आत्याच्या शिव्या खाल्ल्या होत्यास. (तू म्हणशील लाथ मी घातली. नाही घातली.) कर्ज हे कारण असतं तर मी गप्प बसलो असतो. यंदाचा पाऊस, डावण्या, घडकूज, औषधांची बिलं, सगळं कळतं मला. पण कारण काय, तर कॅनडा. इथे येऊन शेती करणार म्हणतोय, शंभर एकर. मी फोनवर हसलो, आणि पलीकडून तो काही हसला नाही, तेव्हा पोटात गोळा आला.

सांगलीत एक एजंट आहे, नाव लिहीत नाही, तुला पानपट्टीवर कळेलच. त्यानं बापूदाला एक पीडीएफ दिलीय. वर मेपलचं पान, खाली गव्हाचं शेत, आणि मजकूर असा की सस्कॅचवान प्रांताची शेतकरी आणि बिझनेस इन्व्हेस्टर स्कीम, पूर्ण कुटुंबाला थेट पीआर (म्हणजे कायम राहायचा परवाना), इंग्रजी जुजबी चालेल. आता गंमत बघ. स्कीम खोटी नव्हती. होती. शेतीची वेगळी कॅटेगरी होती, धंदेवाल्यांची वेगळी होती, आणि दोन्ही याच वर्षी २७ मार्चला कायमच्या बंद झाल्या. झालं असं की दिल्लीला असतं तसं इथे ओटावाला केंद्र सरकार, ते दरवर्षी प्रत्येक प्रांताला आकडा देतं की तुम्ही एवढी माणसं निवडा. यंदा तो आकडाच निम्मा केला, आमच्या वाट्याला सुरुवातीला ३,६२५ आले, वर अट अशी की त्यातली ७५ टक्के माणसं आधीच कॅनडात राहणारी हवीत. मग प्रांतानं हातात होतं ते नर्स, सुतार, वेल्डर असल्यांसाठी राखलं आणि पैसेवाल्यांचं दुकान बंद केलं. तासगावातून बाग विकून येणाऱ्या माणसाला त्या आकड्यात जागा कुठे आहे सांग.

आणि चालू होती तेव्हा तरी काय होतं? थेट पीआर वगैरे काही नाही. धंदेवाल्यांच्या स्कीमला आधी स्वतःची मालमत्ता ५ लाख डॉलर दाखवायची, म्हणजे आपले तीन कोटींच्या वर, ती कुठून आली याची कागदं द्यायची, मग रेजायना किंवा सॅस्कटूनमध्ये ३ लाख आणि बाहेर गावात २ लाख डॉलर गुंतवायचे, प्रांताशी करार करायचा, वर्क परमिटवर येऊन धंदा चालवून दाखवायचा, आणि चालला तर प्रांत नॉमिनेट म्हणजे केंद्राकडे शिफारस करणार, त्याच्यानंतर पीआर. नाही चालला तर घरी. बापूदाची अख्खी वडाची बाग विकून या यादीतल्या पहिल्या ओळीला पुरत नाही. शंभर एकराचं तर सोडूनच दे. इथे कायदा आहे, नागरिक किंवा पीआर नसलेल्या माणसाला दहा एकराच्या वर शेतजमीन घेता येत नाही. दहा! आणि इथला शेतकरी सरासरी सतराशे एकरांच्या वरचा. जमीन मोजतातच मुळी १६० एकराच्या तुकड्यानं, त्याला क्वार्टर म्हणतात. मी बापूदाला म्हटलं, दादा, इथे जानेवारीत उणे तीसच्या खाली जातं, गाडीचं इंजिन रात्रभर वायरला लावून गरम ठेवतात, तुझी थॉमसन द्राक्षं कुठे लावतोस? तर म्हणाला, पॉलीहाऊस करू.

हे सगळं मी त्याला सांगितलं. वेबसाइटचं पान पाठवलं, मराठी करून पाठवलं. एजंटकडे गेला तो, आणि एजंट काय कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हणाला, हो शेतीची बंद झाली, पण आता केंद्राची खेडेगावांची नवी स्कीम आलीय, १४ गावं आहेत, तुमच्या भावाच्या शेजारचंच गाव आहे, मूस जॉ, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये सुपरवायझरची ऑफर मिळवून देतो, पंचवीस लाख, आधी पीआर घ्या आणि मग शेती घ्या. पुन्हा तेच, अर्धं खरं. स्कीम खरी, जानेवारीत सुरू झाली. १४ गावं खरी, मूस जॉ त्यात आहे हेही खरं. पण त्यात मालकाला आधी गावाच्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते, माणसाकडे त्या कामाचा अनुभव लागतो, आणि नोकरीच्या बदल्यात उमेदवाराकडून पैसे घेणं इथे बेकायदा आहे. बापूदाला रेस्टॉरंटचा अनुभव म्हणजे तासगावच्या यात्रेत भजी तळली होती तो. खोटा अनुभव लावून सापडला तर पाच वर्षं कॅनडाचं नाव काढता येत नाही.

मी मूस जॉला जाऊन आलो, पक्या. रविवारी, एकटाच, घरी सांगितलं टायर बदलायला चाललोय. इथून सत्तरेक किलोमीटर. ते गाव तुला दाखवायला पाहिजे, वेशीवर हा एवढा मोठा काँक्रीटचा मूस (आपल्या सांबरासारखं इथलं जनावर) उभा आहे, जगातला सगळ्यात उंच म्हणून मिरवायचे, मग नॉर्वेवाल्यांनी त्याच्याहून वीतभर उंच बांधला, तर ह्यांनी २०१९ मध्ये ह्याची शिंगं काढून मोठी बसवली आणि नंबर परत घेतला. आपल्या गणेश मंडळांची आठवण आली. असो. ऑफर लेटरवरच्या पत्त्यावर गेलो. रेस्टॉरंट होतं एके काळी. काचांना आतून तपकिरी कागद, वरच्या पाटीतली दोन अक्षरं गळालेली, दाराच्या फटीत पिझ्झाच्या जाहिराती आणि विजेचं बिल असावं असं एक पाकीट, खाली ‘भाड्याने देणे आहे’चा बोर्ड. शेजारच्या न्हाव्यानं सांगितलं की उन्हाळ्यापासून बंदच आहे. फोटो काढला आणि परत येताना पेट्रोल पंपावर थांबून बापूदाला पाठवणार होतो, पण पाठवला नाही.

का, ते तुलाच सांगतोय. त्याच्या आदल्या फोनवर तो मला म्हणाला, “संज्या, तू गेलास तेव्हा आम्ही कुणी तुला आडवं आलो का रे? आत्यानं तुझ्या तिकिटाला पाटल्या मोडल्या. आता तुझं भागलं तर आमच्यासाठीच बरे कायदे सापडतात तुला.” मी काही बोलू शकलो नाही. पाटल्यांचं खरं आहे. आता मी बंद दुकानाचा फोटो पाठवला तर त्याला वाटणार मी भाऊ येऊ नये म्हणून पुरावे गोळा करत फिरतोय. दोघांत आधीच सामाईक बांधाचं आहे, त्यात हे.

आणि मी आलो ती स्कीम तरी कुठली, तर ह्याच प्रांताची. १०० पैकी ६० गुण, नोकरी हातात नको, फक्त तुमचं काम त्यांच्या यादीत पाहिजे. २०१६ सालची ती रात्र आठव. तुझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली, दोन लॅपटॉप, साइट कधी उघडतील सांगायचे नाहीत आणि उघडली की बघता बघता कोटा भरायचा. तेच कॉलेज, तीच डिग्री, तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त. माझं सबमिट झालं आणि तुझं ते चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग पान आलं की कोटा संपला. तू अजून म्हणतोस चांगला डोंगल तू मला दिला होतास. दिला होतास, बाबा, कितीदा कबूल करू. पण त्या रात्रीनंतर मला कुणी “तुझ्या हुशारीनं गेलास” म्हटलं की कसंतरीच होतं, आणि बापूदाला “तुला जमायचं नाही” म्हणायला जीभ उचलत नाही. ह्यातलं बायकोला अर्धं कळतं. ती म्हणते सरळ नाही म्हणून मोकळे व्हा.

आणखी एक आहे. ज्यांना प्रांतांनी पैसे बघून बोलावलं ते तरी कुठे राहिले? पैसे ठेवा आणि पीआर घ्या अशी केंद्राची स्कीम होती, ८ लाख डॉलर सरकारकडे बिनव्याजी पाच वर्षं, ती २०१४ मध्येच गुंडाळली. प्रिन्स एडवर्ड आयलंड म्हणून तिकडे टिकलीएवढं बेट आहे, त्यांनी डिपॉझिट घेऊन पीआर द्यायचं ठेवलं होतं, तर लोक डिपॉझिटवर पाणी सोडून टोरंटोला निघून जायचे. २०१८ मध्ये तेही बंद केलं. पीआर एकदा हातात आलं की कुठेही राहायचा हक्क आहे, कुणी धरून ठेवू शकत नाही. आमच्या बॅचचे निम्मे टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला पळाले. मी राहिलो, पोटॅशच्या खाणीत मेंटेनन्स बघतो, ते पोटॅश कदाचित तुझ्या काकांच्या उसालाही पडत असेल. तेव्हा प्रांताला आता पैसेवाला नको आणि टिकणारा माणूस हवा, हे मला समजतं. बापूदा टिकला असता रे. तो कुठेही टिकतो. पण त्याच्यासाठी दार नाही.

तर तू जा. मला माहीत आहे तू म्हणशील मी सांगितलं तर तो म्हणणार कोल्ह्याला द्राक्षं आंबट, आणि ते तासगावात, म्हणजे झालंच. तरी जा. तुझ्यावर तो चिडेल, शिव्या देईल आणि जेवायला थांबवेल. माझ्यावर चिडला की फोन उचलत नाही. फोटो सोबत जोडलाय, तो तू दाखव, माझं नाव काढायचं तर काढ. आणि एजंटला फक्त एक विचारायला सांग, की तुमचा कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशनचा लायसन्स नंबर द्या. पैसे घेऊन असल्या फाइलचं काम करायला ते लायसन्स नाहीतर वकिली लागते, यादी नेटवर उघडी आहे, नाव टाकलं की दिसतं. नसेल तर बापूदाला स्वतःला दिसू दे, तू काही बोलू नकोस, तुझी बोलायची पद्धत मला माहीत आहे.

विसार अजून घेतलेला नाही असं आत्या म्हणाली. प्लॉटिंगवाला आहे समोर, पुढच्या गुरुवारी साठेखत करायचं म्हणतोय. त्याच्या आधी.

बाकी तुझं काय. कुपवाडचं नवं शेड उभं राहिलं का, बँकवाल्यानं सोडलं का तुला? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे ममतेकडून कळलं, बरं झालं. ओंकार नॉमिनेशनचं विचारत होता, त्याला म्हणावं प्रांतानं नॉमिनेट केलं की केंद्राच्या पीआरच्या यादीत ६०० गुण मिळतात हे खरं, पण सध्या आधी इथे कामाला असलेल्यांना बघतात, तू मास्टर्सला येतोयस तर कॉलेज नीट बघून ये, नाहीतर जर्मन शीक. ते जुने आठ हजार मी दिलेत, तू विसरलायस, वहीत बघ.

तासगावला निघालास की मिस्ड कॉल दे. तुझी सकाळ म्हणजे माझी आदली रात्र, मी जागाच असतो.

तुझा
संज्या