ठसेछपाईच्या नावाखाली यंत्रछपाई

माननीय संपादक महोदय,

महाद्वार रोडवर ‘हातछपाईचा’ म्हणून घेतलेला कुर्ता घरी उलटून पाहिला, तर प्रत्येक फूल तंतोतंत सारखे आणि आतली बाजू जवळपास कोरी. सागवानी वा शिसवी लाकडात कोरलेला ठसा रंगाच्या गादीवर टेकवून कारागीर कापडावर ठेवतो व मुठीने ठोकतो, तेव्हा दोन ठशांच्या सांध्याशी रेघ केसभर सरकते, कुठे रंग दाटतो. हीच त्याच्या हाताची खूण. राजस्थानात जयपूरजवळच्या सांगानेरच्या अशा हातछपाईला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या अस्सल मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, आहे. आपल्या चपलेलाही ते २०१९ मध्ये मिळाले, त्यामुळे नकलेने कारागिराच्या पोटावर कसा पाय येतो, हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगायला नको. यंत्रावर छापलेल्या कापडावर दुकानदारांनी तसे स्पष्ट लिहावे, ही कळकळीची विनंती.

— एक ग्राहक, कोल्हापूर