मेंदू गेला तरी हृदय कसं चालतं, ते पण छापा

संपादक महोदय,
स. न.

ग्रीन कॉरिडॉरच्या, म्हणजे दान केलेला अवयव वेळेत पोचावा म्हणून रस्ता मोकळा करण्याच्या, बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, अँब्युलन्स किती मिनिटांत पोचली, कुठले सिग्नल थांबवले, सगळं असतं, पण ज्याचं हृदय काढलं तो ब्रेनडेड होता, म्हणजे त्याचा मेंदू कायमचा बंद पडला होता, आणि हृदय मात्र चालू होतं, हे कसं काय, ते कुणी लिहीतच नाही. अवयवदानाला हो म्हणताना नातेवाईक अडतात ते नेमके इथेच. "अहो मॉनिटरवर ठोके दिसतायत की, मग गेला कसं म्हणता?" असं विचारणाऱ्याला काय बोलणार, हृदय मेंदूच्या हुकमावर चालतं असंच बहुतेकांना वाटतं.

तसं नाहीये. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, एसए नोड, 1907 साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो जगापुढे आणला. या पेशींना गप्प बसताच येत नाही, एक ठोका झाला की सोडियम हळूहळू आत झिरपायला लागतं, व्होल्टेज चढत जातं, ठरावीक पातळी आली की कॅल्शियम आत घुसतं आणि पुढचा ठोका पडतो, की परत तेच, आईच्या पोटात असल्यापासून. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. गंमत म्हणजे हा नोड एकटा सोडला तर मिनिटाला साधारण 100 ठोके देतो, शांत बसल्यावर आपले 70-75 च पडतात कारण व्हेगस नावाच्या नसेने ब्रेक दाबून धरलेला असतो. म्हणून तर बदललेलं हृदय, ज्याच्या नसा कापलेल्या असतात आणि कुणी जोडत पण नाही, ते बसल्याजागी सुद्धा 90-100 ने पळतं, आणि जिना चढताना त्याचा वेग उशिरा वाढतो, कारण अॅड्रेनलिन (वेग वाढवणारं संप्रेरक) रक्तातून पोचेपर्यंत त्याला पत्ताच नसतो!

श्वासाचं मात्र उलटं आहे, तो मेंदूच्या देठातून हुकूम आल्याशिवाय होत नाही. व्हेंटिलेटर ऑक्सिजन देतोय तोवर हृदय चालतं, काढला की काही मिनिटांत थांबतं. ब्रेनडेड म्हणजे कोमा नव्हे. म्हणूनच ब्रेनडेड ठरवायला अवयवदानाच्या कायद्याने चार डॉक्टर लागतात आणि तपासण्या किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा होतात, त्यात व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का हेही बघतात. (आपल्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदलायचा प्रयत्न 1968 मध्येच केला होता, हा कायदा यायला मात्र 1994 उजाडलं.)

तेव्हा पुढच्या वेळी अँब्युलन्सचा फोटो जरा लहान करा आणि शेजारी एवढी माहिती चौकटीत द्या. आयसीयूच्या बाहेर उभं असताना डॉक्टर कितीही नीट सांगोत, डोक्यात काही शिरत नाही, आधी कधी पेपरात वाचलेलं असलं तर निदान प्रश्न तरी नीट विचारता येतात.

आपली,
एक वाचक, ठाणे