विषय: सर्व्हर डाऊनचे एसएमएस अलर्ट प्रमोशनल (जाहिरातींच्या) रूटने पाठवल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

नारायण पेठेत आमची एमपीएससीच्या मुलांची अभ्यासिका आहे. त्यांची ऑनलाइन टेस्ट सिरीज ऑफिसातल्याच एका जुन्या डेस्कटॉपवर चालते कारण क्लाउडचं दरमहा भाडं परवडत नाही. गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास डेटाबेस बंद पडला आणि तुमच्या एसएमएस सेवेतून जाणारा अलर्ट मला आला सकाळी दहानंतर. पेपर सातचा होता. मुलं पहाटे उठून आपापल्या रूमवर लॉगिन करत बसली होती, आणि मला वेळेत कळलं असतं तर वारज्यातून घरबसल्या पाच मिनिटांत चालू करून दिलं असतं.

आमच्याकडून अलर्ट वेळेवर निघाला होता. घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर अपटाइम कुमा हे साइटवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लावलंय, ते दर 60 सेकंदांनी साइट उघडतेय का बघतं आणि नाही उघडली की एसएमएस पाठवायला तुमच्या एपीआयला (तुमच्या सिस्टिमशी जोडणाऱ्या दुव्याला) कळवतं. मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलंय, म्हणजे ऑफिसची लाइट किंवा नेट गेलं तरी अलर्ट जावा. त्याच्या लॉगमध्ये रात्रीचीच वेळ आहे आणि तुमचं 'सक्सेस' उत्तरही आहे.

मग अडकला कुठे, तर तुमच्याच रिपोर्टमध्ये रूट प्रमोशनल दिसतोय! प्रमोशनल मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 एवढ्याच वेळात सोडतात हे तुम्हाला माहीत असणारच. आमचं डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी यंत्रणेत) रजिस्ट्रेशन झालंय, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव मंजूर आहे, टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर सर्व्हिस कॅटेगरीतला आहे, जाहिरातीचा नाही, मराठी मेसेजला 70 अक्षरांची मर्यादा असते म्हणून मजकूरही त्यात बसवलाय. एवढं करून तो जाहिरातींच्या रांगेत का गेला? सपोर्टला फोन केला तर "सर, डॅशबोर्डवर सक्सेस दिसतंय" एवढंच. अहो ते तुम्ही मेसेज घेतल्याचं सक्सेस, माझ्या फोनवर पोचल्याचं नाही.

टेलिग्राम बॉट, एनटीफाय (फोनवर नोटिफिकेशन पाठवणारं अॅप) हे फुकटातले पर्याय आम्ही वापरून बघितलेत, पण त्यांना डेटा चालू लागतो आणि बॅटरी वाचवायला अँड्रॉइड रात्री अॅप झोपवून टाकतं. एसएमएसचे पैसे भरतो ते फक्त रात्रीसाठी.

तर आमचं अकाउंट आजच सर्व्हिस रूटवर टाका आणि तसं लेखी कळवा, डॅशबोर्डवर ऑपरेटरकडून आलेली खरी डिलिव्हरीची वेळ दाखवा आणि उशिरा पोचलेल्या सगळ्या मेसेजचे क्रेडिट परत करा. येत्या रविवारी सकाळी पुन्हा पेपर आहे, त्याआधी एका रात्री तुमच्या माणसाने माझ्यासोबत टेस्ट अलर्ट पाठवून बघावा, मी जागा राहीन.

लॉग आणि रिपोर्टचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.