भिंत रंगवायचीच असेल तर

प्रिय सम्या,

तुझा मोठ्ठा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला कारण मध्येच कुकरच्या शिट्ट्या. म्हणजे सोसायटीत आता तमिळ, बिहारी, बंगाली, मारवाडी सगळे आलेत आणि कमिटीला एकोपा वाढवायला कल्चरल नाइट करायचीये. करा की, कोण नको म्हणतंय! पण खरं सांगू का, इथे लॉस एंजेलिसला आमच्या मंडळाचं लेझीम पथक असल्या कार्यक्रमांना जातं, दहा मिनिटं घाम गाळायचा, लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि मग ज्याचा तो आपापल्या घोळक्यात समोसे खात उभा. आमच्या आधी ढोल वाजवणाऱ्या त्या कोरियन लोकांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही बघ.

तू शेवटी कंपाउंडची भिंत रंगवायचं जे बोललास ना, ते मात्र मला जाम आवडलं. आमच्या लॉस एंजेलिसला पण एक ग्रेट वॉल आहे, चीनसारखीच लांबच लांब, फक्त रंगवलेली. टुहुंगा वॉश नावाचा पुराचं पाणी वाहून न्यायचा सिमेंटचा कालवा आहे, म्हणजे मूळची नदीच पण लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी तिचं पार गटार करून टाकलेलं, आणि पुढे त्यांनीच ज्युडी बाका या चित्रकर्तीला विचारलं की इथे काही करता येईल का. बाई मेक्सिकन वंशाच्या, इथल्याच. १९७६ च्या उन्हाळ्यात ८० पोरं घेऊन कालव्यात उतरल्या, त्यातली बरीचशी पोलिसांच्या लफड्यात सापडलेली, सोबत चित्रकार आणि इतिहासवाले. उन्हाळाच का तर इथे पाऊस थंडीत पडतो, तेव्हा कालव्यात पाणी असतं. असे मधूनमधून पाच उन्हाळे, १९८३ पर्यंत. चारशेच्या वर मुलं, वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या वंशांची. भिंत झाली २७५४ फूट, म्हणजे अर्ध्या मैलाहून जास्तच.

आणि काढलंय काय? कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण शाळेच्या पुस्तकात नसायचा तो. सुरुवातीला प्रागैतिहासिक काळ आणि मूळ रहिवासी, पुढे १९३० च्या दशकातल्या मंदीत मेक्सिकन लोकांना गाड्यांत कोंबून सीमेपार धाडलं ते, दुसऱ्या महायुद्धात जपानी कुटुंबांना उचलून छावण्यांत डांबलं ते. पलीकडच्या काठावरून कुंपणाच्या जाळीतून बघावं लागतं. मी एका चित्रापाशी फार वेळ रेंगाळलो, त्यात फ्रीवेचे, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेंचे, सिमेंटचे पट्टे एका कुटुंबाच्या मधून वळवळत गेलेत आणि माणसं एकमेकांपासून तुटलीयेत, आणि वर डॉजर हे बेसबॉलचं स्टेडियम उडत्या तबकडीसारखं वस्तीवर उतरतंय. ती वस्ती खरीच होती, शावेझ रॅव्हिन, मेक्सिकन लोकांची, घरं पाडली तिथली. मी त्याच फ्रीवेंवरून रोज ऑफिसला जातो, आणि स्टेडियमात हॉट डॉग खात मॅच बघितलीये. असो.

माझं म्हणणं एवढंच की इथे कोणी कोणाला आपली संस्कृती 'दाखवत' नव्हतं. जपानी छावणीचा भाग भिंतीवर यायचा तर बाकीच्या पोरांना तो आधी माहीत करून घ्यावा लागणार, आणि मग त्याच उन्हात, त्याच परातीसारख्या तापलेल्या सिमेंटवर एकत्र रंगवावा लागणार. आपल्या गल्लीत गणपतीचा मांडव रात्रभर घालताना नाही का, बांबू धरायला कोण आलाय हे कोणी विचारायचं नाही. आणि अजून एक, या पोरांना पैसे मिळायचे, उन्हाळी रोजगार योजनेतून. हे लोक सांगताना विसरतात. फुकटात एकोपा फार दिवस टिकत नाही, दुसऱ्या रविवारी फक्त तू आणि वॉचमन उरशील.

रंग उडतो हे पण धरून चाल. इथे २०११ मध्ये सगळं परत नीट केलं आणि आता पुढची दशकं रंगवायचं काम सुरू आहे, त्यासाठी एका फाउंडेशनने ५० लाख डॉलर दिले. तुमची कमिटी पाच हजारावर अडेल म्हणा.

तेव्हा कल्चरल नाइटच्या आधी एक मीटिंग घे, त्यात नाचाचा विषय काढूच नकोस. तुमची सोसायटी उभी राहायच्या आधी तिथे शेतं होती ना, ती कोणाची, बिल्डिंग बांधायला आलेले मजूर कुठले, पहिला भाडेकरू कोण, हे विचार. भांडणं होतील. होऊ देत. वॉचमनकाकांना आणि धुण्याभांड्याच्या मावशींनाही बोलाव, त्यांना सगळ्यांच्या आधीचं माहीत असतं.

आणि भिंत पूर्वेला आहे का पश्चिमेला ते कळव, ओल येते का तेही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नित्या